डंकर्कला हिटलरने दया दाखवली नव्हती, शत्रूला खरं जाऊ दिलं ते वसईला

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतला डंकर्कवरचा, म्हणजे १९४० मध्ये फ्रान्सच्या त्या बंदरात कोंडलेली इंग्रज फौज समुद्रातून कशी निसटली त्यावरचा, लेख वाचला. चांगला होता, फोटो पण मस्त, पण शेवटी लेखकाने जे ठोकून दिलंय की हिटलरला इंग्रजांबद्दल मनातून आदर होता, त्याला तह करायचा होता म्हणून त्याने रणगाडे थांबवले आणि त्यांची फौज मुद्दाम समुद्रातून जाऊ दिली, ते काही पटलं नाही. हीच गोष्ट व्हॉट्सअॅपवर पण फिरत असते आणि आमच्या सकाळच्या वॉकच्या ग्रुपमध्ये तर एक गृहस्थ ती इतक्या ठामपणे सांगतात की जणू हे तिथे चहा द्यायला हजर होते. म्हटलं एकदा लिहावंच. पत्र लांब झालं तर कापा, फक्त मधलं वसईचं कापू नका एवढी विनंती.

कोणी कोणाला जाऊ दिलं असं म्हणायचं तर समोरचा जाऊ शकतो हे मला आधी माहीत पाहिजे, त्याला अडवायची ताकद माझ्याकडे पाहिजे, आणि तरीही मी अडवलं नाही असं पाहिजे. डंकर्कला यातली पहिली गोष्ट नव्हती आणि दुसरी अर्धीमुर्धीच होती.

तारखा बघा. १० मे १९४० ला जर्मनांचा हल्ला सुरू झाला आणि २० मेला त्यांचे रणगाडे आबेव्हिलकडून समुद्राला भिडले, म्हणजे दहा दिवसांत इंग्रजांची फौज, फ्रेंचांच्या चांगल्या चांगल्या डिव्हिजन्स आणि बेल्जियमचं सैन्य सगळं एका कोपऱ्यात कोंडलं गेलं. थांबायचा तो प्रसिद्ध हुकूम आहे २४ मेचा. त्या दिवशी इंग्रजांचा सेनापती गॉर्ट अजून दक्षिणेकडे हल्ला करून बाकीच्या फ्रेंचांना मिळायच्या प्लॅनमध्ये होता, समुद्राकडे वळायचं त्याने ठरवलं २५ च्या संध्याकाळी, आणि डोव्हरहून अॅडमिरल रॅमसेने माणसं काढायचं काम सुरू केलं २६ च्या संध्याकाळी सातच्या सुमारास. तेव्हाही लंडनचा अंदाज काय, तर दोन दिवसांत फार तर ४५ हजार निघतील, बाकीच्यांवर पाणी सोडा. शेवटी ४ जूनपर्यंत निघाले ३,३८,२२६. ज्यांची माणसं त्यांनाच माहीत नव्हतं की इतकी निघणार, मग हिटलरने ती दोन दिवस आधीच उदार मनाने कशी काय सोडली बुवा?

मग रणगाडे का थांबले? तर तो हुकूम एकट्या हिटलरच्या डोक्यातून आलेलाच नाही. तिकडचा वरिष्ठ सेनापती रुंडश्टेट, त्याने २३ च्या संध्याकाळीच सांगितलं होतं की पुढच्यांनी थांबा, मागच्यांना जवळ येऊ द्या. दुसऱ्या दिवशी हिटलर शार्लव्हिलला त्याच्या मुक्कामी आला आणि त्यावर त्याने शिक्का मारला, बस. आणि रुंडश्टेटची काळजी काही खोटी नव्हती, त्याच्या हाताखालच्या क्लाइस्टच्या रणगाड्यांपैकी जवळजवळ निम्मे मोडलेले नाहीतर बंद पडलेले, पायदळ कितीतरी मागून पायी येतंय, आणि २१ तारखेला आरासजवळ इंग्रजांनी जेमतेम दोन बटालियन रणगाडे घेऊन असा दणका दिला होता की रोमेलसारख्याला वाटलं पाच डिव्हिजन अंगावर आल्या. पुढे फ्लँडर्सची जमीन म्हणजे नुसते कालवे आणि दलदल, हिटलर स्वतः पहिल्या महायुद्धात त्या भागात शिपाई म्हणून राबलेला, त्याला तिथला चिखल चांगला माहीत. आणि अजून अख्खा फ्रान्स घ्यायचा बाकी होता! सोम नदीच्या दक्षिणेला फ्रेंचांचं मोठं सैन्य, पुढे पॅरिस, तिथे लागणारे रणगाडे या चिखलात कशाला घालवायचे. ४ जूनला डंकर्क पडलं आणि ५ जूनला दक्षिणेचा हल्ला सुरू पण झाला, यावरून त्यांची घाई कुठली होती ते कळतं. त्यात जर्मन विमानदलाचा प्रमुख गोरिंग, त्याने छाती ठोकून सांगितलं की उरलेलं काम माझी विमानंच करतील. ब्राउखिच आणि हाल्डर या वरच्या सेनाधिकाऱ्यांना हे थांबणं मुळीच पसंत नव्हतं, हाल्डरने तर डायरीत त्याबद्दल चरफडून लिहून ठेवलंय.

दयेची थिअरी मांडणारे एक गोष्ट हमखास विसरतात, ती म्हणजे त्याच २४ मेला निघालेला हिटलरचा १३ नंबरचा लेखी आदेश. त्यात सरळ म्हटलंय की कोंडलेल्या शत्रूचा नायनाट करा, आणि विमानदलाने इंग्रज फौजेला इंग्लिश खाडी ओलांडून पळू देऊ नये. याला जाऊ देणं म्हणतात का? पुढच्या नऊ दिवसांत इंग्रजांच्या सहा विनाशिका बुडाल्या, त्यातल्या वेकफुलवर तर सैनिक खच्चून भरलेले होते, जर्मनांच्या टॉर्पेडो बोटीने तिला मारलं आणि ती क्षणात गेली, शेकडो माणसांसकट. २७ मेला ल पारादी नावाच्या गावात शरण आलेल्या ९७ इंग्रज सैनिकांना हिटलरच्या एसएस दलातल्यांनी भिंतीशी उभं करून मारलं. आदर!

आणि तहाचं म्हणाल तर हिटलरला इंग्लंडशी तह हवा होता हे खरंच आहे, पण मग तर त्याने ही फौज धरायलाच पाहिजे होती. २६ ते २८ मे या तीन दिवसांत लंडनला मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स म्हणत होता इटलीमार्फत बोलून तर बघू, आणि चर्चिल त्याला अडवत होता. त्या वेळी दोन-सव्वादोन लाख इंग्रज कैदी जर्मनांच्या हातात असते तर चर्चिलला तोंड वर करून बोलता आलं असतं का? सौदा करायचाय त्याने हातातलं ओलीस आधी सोडून द्यायचं, असा व्यवहार आमच्या मासळी बाजारात सुद्धा कोणी करत नाही. युद्धानंतर रुंडश्टेटच्या स्टाफमधल्या ब्लुमेनट्रिटने सांगितलं की हिटलर त्या दिवशी ब्रिटिश साम्राज्याचं कौतुक करत होता. केलं पण असेल, तो बोलायला लागला की काय वाटेल ते बोलायचा. पण हरलेल्या सेनापतींना युद्धानंतर सगळं खापर मेलेल्या हिटलरवर फोडणं फार सोयीचं होतं, रुंडश्टेटला तर जास्तच, कारण थांबा पहिल्यांदा त्यानेच म्हटलेलं.

आता मी लिहितोय ते जरा माझ्या धंद्यातलं, कारण माझी सगळी नोकरी गोदीत गेली. लेखात लिहिलंय की किनाऱ्यावरून माणसं उचलली. अहो, किनाऱ्यावरून माणसं उचलणं किती अवघड असतं! डंकर्कचा किनारा इतका उथळ की मोठं जहाज जवळ येऊच शकत नाही, माणसं छातीभर पाण्यात रांगेत उभी, छोटी होडी येणार, त्यात दहा-वीसजण कसेबसे चढणार, होडी जहाजापर्यंत जाणार आणि परत रिकामी येणार, त्यात वारा सुटला की संपलंच. पहिल्या पूर्ण दिवशी, २७ मेला, मिळून आठ हजार पण माणसं निघाली नाहीत. आतले धक्के बॉम्बिंगने जळून गेलेले. तिथे नौदलाचा कॅप्टन टेनंट होता, त्याची नजर गेली बंदराच्या बाहेरच्या बांधावर, म्हणजे लाटा अडवायला जो लांबच लांब बांध घालतात तो, त्यावर चार माणसं शेजारी शेजारी चालतील एवढीच लाकडी वाट. तो जहाज लावायला बांधलेलाच नाही. भरती-ओहोटीत पाणी पंधरा फुटांच्या आसपास वरखाली होणार, म्हणजे भरतीला जहाजाचं डेक वाटेच्या जवळ आणि ओहोटीला पार खाली, मग शिड्या लावा, फळ्या टाका. असल्या ठिकाणी रात्री, दिवे न लावता जहाज लावायचं म्हणजे काय ते गोदीतल्या माणसाला विचारा. तरी त्याने एक जहाज लावून बघितलं, जमलं, आणि मग एकूण माणसांपैकी दोन तृतीयांशांहून जास्त त्या बंदरातूनच निघाली. ३१ मेला एका दिवसात ६८ हजार!

हे जर्मनांच्या हिशेबातच नव्हतं. त्यांच्या सेनापतींचा सगळा जन्म जमिनीवर गेलेला, त्यांच्या मते समुद्राला पाठ लागली म्हणजे माणूस सापडलाच, आता सावकाश उचलू. विमानांचं म्हणाल तर त्या नऊ दिवसांत हवा चांगली अशी अडीचेक दिवसच मिळाली, बाकी ढग आणि जळणाऱ्या तेलाच्या टाक्यांचा धूर, वाळूत पडलेले बॉम्ब अर्धे वाळूतच जिरायचे, आणि इंग्रजांची विमानं केंटहून येत होती जे जर्मनांच्या विमानतळांपेक्षा जवळ. शिवाय लीलमध्ये अडकलेले फ्रेंच महिना संपेपर्यंत लढत राहिले आणि त्यांनी बऱ्याच जर्मन डिव्हिजन्स तिकडेच अडकवून ठेवल्या, त्यांचं नाव कोणी घेत नाही. शेवटी ४ जूनला जर्मन आत आले तेव्हा मागचं दार धरून बसलेले ४० हजारांच्या आसपास फ्रेंच कैद झाले.

ही काही एकट्या डंकर्कची गोष्ट नाही, दुसरीकडे बघा तरी तेच. १८०९ च्या जानेवारीत स्पेनमध्ये ला कोरुन्याला नेपोलियनचा मार्शल सूल्त इंग्रज सेनापती मूरच्या मागे होता, डोंगरात बर्फातून पाठलाग करून त्याच्याच फौजेची कंबर मोडलेली, तोफा मागून येईपर्यंत थांबला, तोवर इंग्रजांची जहाजं पोचली. लढाई झाली, मूर पडला, पण त्याची फौज गेली. १९४३ च्या ऑगस्टमध्ये उलटं, सिसिलीत मेसिनाला दोस्तांकडे नौदल, विमानं सगळं होतं आणि सामुद्रधुनी अरुंद जागी जेमतेम तीन किलोमीटर, तरी ४० हजारांच्या आसपास जर्मन आणि साठ हजारांवर इटालियन त्यांच्या डोळ्यादेखत पलीकडे गेले, गाड्या-रणगाड्यांसकट, कारण दोन्ही काठांवर तोफाच तोफा आणि त्या चिंचोळ्या जागेत आपली मोठी जहाजं घालायला कोणी तयार नाही. तेच जर्मन पुढच्या महिन्यात सालेर्नोला परत समोर उभे. मग काय पॅटन आणि माँटगोमेरीने पण दया दाखवली म्हणायचं? १९५० च्या डिसेंबरमध्ये कोरियात हुंगनामहून अमेरिकनांनी लाखभर सैनिक आणि नव्वद हजारांवर साधी माणसं काढली, चिनी सैन्य डोंगरात होतं पण ते फारसं पुढे आलंच नाही. एक तर थंडीने आणि चोसिनच्या लढाईने त्यांची वाट लागली होती, वर मिसूरीसारख्या युद्धनौकेच्या तोफा किनाऱ्यावर आग ओकत होत्या, आणि बंदर तर तसंही मिळणारच होतं. सुंठीवाचून खोकला जातोय तर जाऊ दे की.

आता वसई. मी इथलाच, म्हणून हे मनापासून लिहितो. शत्रूला खरोखर, समजून उमजून समुद्रातून जाऊ देणं म्हणजे काय हे बघायला युरोपात जायला नको. चिमाजीअप्पांची पोर्तुगीजांवरची मोहीम १७३७ ला सुरू झाली, ठाणं आणि साष्टी आधी आलं, १७३९ च्या जानेवारीत तारापूर घेतलं तिथे बाजी भिवराव रेठरेकरांसारखा माणूस गोळी लागून पडला, आणि फेब्रुवारीत वसईला मोर्चे लागले. किल्ला असा की दोन बाजूंना खाडी आणि समुद्र, तिसरीकडे दलदल, भिडायचं ते उत्तरेकडूनच, तटाखाली सुरुंग लावून. त्यात एक सुरुंग उशिरा उडाला आणि आत घुसलेली आपलीच माणसं त्यात गेली. मला तोफेत घालून डोकं तरी किल्ल्यात पाडा, असं अप्पा म्हणाले ही आपल्याकडे सगळ्यांना माहीत असलेली कथा, खरीखोटी देव जाणे, पण वेळ तशीच आलेली होती. हजारोंनी माणसं मेली-जखमी झाली.

एवढं सोसल्यावर १६ मे १७३९ ला फिरंग्यांनी, म्हणजे पोर्तुगीजांनी, शरणागती दिली तेव्हा मराठ्यांनी काय केलं? आतल्या लोकांना कापून काढलं असतं तर त्या काळात कोणी विचारलं नसतं. पण करार केला. शिबंदीने हत्यारांसकट, निशाणं लावून, ताशे वाजवत बाहेर पडावं, बायकापोरं आणि नेता येईल तेवढी चीजवस्तू गलबतांवर घालून समुद्रातून जावं, जे मागे राहतील त्यांच्या धर्माला हात लागणार नाही. आणि तसंच झालं, शब्द पाळला, २३ मेला आपण आत गेलो. चर्चच्या घंटा तेवढ्या आपल्याकडे आल्या, भीमाशंकरला, नाशिकला नारोशंकराच्या देवळात, मेणवलीला आजही बघायला मिळतात.

याला पण लगेच ‘मराठ्यांचं मोठं मन’ म्हणून टाळ्या घेणारे लोक आहेत. मोठं मन असेलही, पण हिशेबही पक्का होता असं मला वाटतं. मे संपत आलेला, आठ-पंधरा दिवसांत पाऊस, वसईचा पाऊस ज्याने बघितलाय त्याला खंदकांचं आणि सुरुंगांचं काय झालं असतं हे सांगायला नको. उत्तरेत नादिरशाहाने फेब्रुवारीत कर्नालला मोगलांचा धुव्वा उडवला होता आणि मार्चमध्ये दिल्लीत कत्तल केली होती, बाजीरावांना होळकर, शिंदे, सगळी फौज तिकडे हवी होती. आणि आत आणखी महिना लढू शकणारे लोक होते. कोंडलेलं मांजर अंगावर येतं, त्याला फट दिली तर ते निघून जातं. आपल्याला हवा होता किल्ला आणि मुलूख, फिरंगी माणसं घेऊन काय करायचं होतं, त्यांना खायला कोण घालणार. सगळ्यात महत्त्वाचं, गेलेला माणूस परत कुठून येणार? तिकडे गोव्याला आपले सरदार व्यंकटराव घोरपडे तिथल्या साष्टी-मडगावात घुसलेले, पोर्तुगाल सहा-आठ महिन्यांच्या अंतरावर, आणि आसपासची ठाणी आधीच आपल्याकडे. वसईतून गेलेले फिरंगी वसईला परत आले नाहीत. डंकर्कहून गेलेले इंग्रज चार वर्षांनी नॉर्मंडीत उतरले, मूरची फौज गेली त्याच वर्षी इंग्रज वेलस्लीच्या हाताखाली परत पोर्तुगालात लढत होते. म्हणजे जाऊ द्यायचं का नाही हे शत्रू किती दमलाय यावर नाही तर तो घरी पोचल्यावर काय करू शकतो यावर ठरवायला हवं, आणि अप्पांनी ते बरोबर ताडलं होतं.

याच्या अगदी उलटं आपणच १९७१ ला केलं. पूर्व पाकिस्तानातल्या फौजेला समुद्राचा रस्ता पहिल्यांदा बंद केला, ४ डिसेंबरपासून विक्रांतची विमानं चितगाव आणि कॉक्स बझारवर होती, जहाजं आणि बंदरं झोडपून काढली. माणेकशांनी जी पत्रकं टाकली त्यात पण हेच, बंदरं बंद आहेत, समुद्रातून तुमच्याकडे कोणी येऊ शकत नाही, शस्त्रं खाली ठेवा, तुम्हाला नीट वागवू. इथे पळून गेलेली माणसं पश्चिमेकडच्या आघाडीवर परत आपल्यासमोर आली असती, म्हणून जाऊ द्यायचं नव्हतं. पण नुसतं कोंडलं नाही, शरण यायची वाट उघडी ठेवली, आणि मुक्तिबाहिनीच्या हातात सापडण्यापेक्षा भारतीय सैन्याच्या ताब्यात जाणं त्यांना परवडणारं होतं. १६ डिसेंबरला ढाक्याला सही झाली, ९३ हजार कैदी. त्यांना मग दोन-अडीच वर्षं पोसावं पण लागलं, १९७३-७४ मध्ये ते परत गेले. शिमला करारात आपण त्या बदल्यात काय मिळवलं यावर तुमच्याच पेपरात किती पानं खर्ची पडली असतील! पण निदान हातात काहीतरी घेऊन टेबलावर बसलो होतो. हिटलर मे १९४० मध्ये तसा बसू शकला नाही, कारण त्याची पाखरं उडून गेली होती, आणि मग ‘मीच सोडली’ म्हणायला काय जातंय.

आणखी एक, लेखात छोट्या होड्यांचं फार कौतुक होतं, कोळी लोकांनी आणि हौशी नाविकांनी जीव धोक्यात घातला हे खरंच, पण इंग्लंडला पोचलेली बहुतेक माणसं विनाशिकांनी आणि प्रवासी बोटींनी नेली, होड्यांनी मुख्यतः वाळूपासून जहाजापर्यंत ने-आण केली, तेवढं दुरुस्त करा. आणि आपल्याकडच्या पेपरात डंकर्कवर पानभर लेख येतो तर त्यात आपल्या माणसांचा एक शब्द नसावा? रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरच्या खेचरांच्या कंपन्या डिसेंबर १९३९ मध्ये इथूनच, मुंबई बंदरातून, फ्रान्सला गेल्या होत्या, बहुतेक सगळे पंजाबचे जवान. त्यातली एक कंपनी जर्मनांच्या हाती लागली, बाकीचे इंग्लंडला पोचले, खेचरं मागेच सोडावी लागली. पुढच्या वेळी यांच्यावर एक चौकट तरी छापा, फोटो मिळतात.

कळावे,
आपला जुना वाचक,
वसई